बाहुल्यांच्या पेटीला मुंग्या

"हलू नकोस रे, महारुद्र! पडले तर तुझ्याच टाळक्यावर पडेन!"

"मग लवकर बघ की! खांदा मोडला माझा. दिसली का पेटी?"

"पेटी दिसली," वरून नसीम म्हणाली. "पण तिच्यावर मुंग्या आहेत."

"मुंग्या!" खाली पहारा देणाऱ्या व्यंकटनं कपाळावर हात मारला. "पेटी बघायला चढली, अन् मुंग्या बघत बसली! दादा, टाक हिला खाली!"

पण नसीम काही केल्या उतरेना. खिडकीच्या गजांना धरून, आत नाक खुपसून ती बघतच राहिली. तिला एकदा 'असं का?' हा प्रश्न पडला की उत्तर मिळेपर्यंत तिला जेवण गोड लागत नसे. जळकोटच्या शाळेत गुरुजींनी तिचं नाव 'प्रश्नपत्रिका' ठेवलं होतं ते उगीच नाही!

मे महिन्याची सुट्टी होती. महाराष्ट्र राज्य होऊन वर्ष झालं होतं, म्हणून नळदुर्गच्या एका शाळेत हातकामाचं प्रदर्शन भरलं होतं. व्हरांड्यात घोंगड्या टांगून झाल्या होत्या, मडकी आणि टोपल्या मांडून झाल्या होत्या. फक्त नसीमच्या नानीच्या, म्हणजे जळकोटच्या हमिदाबींच्या, बाहुल्या अजून पेटीत होत्या. पेटी आदल्या संध्याकाळी एस.टी.च्या टपावरून पुढं पाठवली होती. आज सकाळच्या गाडीनं नानी, नसीम आणि शेजारच्या घरातले दोघे भाऊ, महारुद्र आणि व्यंकट, नळदुर्गला पोचले, तर पेटी एका खोलीत बंद आणि खोलीच्या कुलपाला लाखेचं सील! बाहुल्या नाजूक असतात, कुणी हाताळू नयेत, म्हणून व्यवस्थापक आण्णासाहेबांनी ही नवी युक्ती काढली होती.

नानी अंगणातल्या निंबाखाली शांत बसल्या होत्या. वरून शांत! आतून त्या तशा नाहीत, हे नसीमला पक्कं ठाऊक होतं. दुपारी औरंगाबादहून वत्सलाबाई नावाच्या पाहुण्या येणार होत्या. प्रदर्शनातली एक कला त्या निवडणार, आणि जूनपासून मुलींसाठी तिचा वर्ग सुरू होणार. नानींनी महिनाभर आधीच सांगून ठेवलं होतं, "आता पोरींना सोलापूरची सेल्युलॉइडची बाहुली पाहिजे. चिंध्यांची कुणाला पाहिजे? यंदा कुणी शिकायला मागितली न्हाय, तर मी सुई ठेवून देणार." नानी बोलल्या की बोलल्या! त्यांनी सुई ठेवली, तर ही कला जळकोटातच काय, पंचक्रोशीत कुणाला येत नव्हती.

"नसीम, उतर!" महारुद्र कळवळला.

नसीम उतरली. तिचे डोळे चमकत होते.

"ऐका. खिडकीवरून मुंग्यांच्या दोन रांगा चालल्यात. आत जाणाऱ्या मुंग्यांची तोंडं रिकामी आहेत. बाहेर येणाऱ्यांच्या तोंडात मात्र पांढरा बारीक कण आहे. आणि रांग थेट पेटीच्या झाकणाच्या फटीत शिरतेय."

"मग?"

"मग पेटीत खायचं काहीतरी आहे! नानीच्या पेटीत खायचं कुठून येणार? तिच्यात चिंध्या, कापूस, कडब्याची कांडं आणि लोकर. शिवाय मीच मूठभर निंबाचा पाला टाकलाय, किडामुंगी लागू नये म्हणून."

व्यंकटनं भिंतीवरून उतरणारी एक मुंगी गाठली, तिच्या तोंडातला कण बोटावर घेतला आणि कुणी अडवायच्या आत जिभेवर ठेवला!

"शी!" महारुद्र ओरडला.

"खसखस!" व्यंकट म्हणाला. "अन् गुळाची चव. हा अनारसा आहे. पैज लावतो! काकाच्या लग्नात मी अनारशांशिवाय दुसरं काही खाल्लंच न्हाय."

 बाहुल्यांच्या पेटीत अनारसे?

"कोण रे ते खिडकीखाली?"

आण्णासाहेब! डोक्यावर पांढरी टोपी, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, आणि कपाळावर सगळ्या प्रदर्शनाचा भार.

"आण्णासाहेब, पेटी बदललीय," नसीम म्हणाली. "जरा उघडून बघता का?"

"बदलली? काल मी माझ्या डोळ्यांदेखत टपावरून उतरवून घेतली. हिरवी पेटी, वर गुलाबाची फुलं. तुझ्या नानीनं सांगितली तश्शी!"

"तसल्या पेट्या घरोघरी आहेत. आणि हिला मुंग्या लागल्यात."

"त्यांनाही प्रदर्शन बघायचं असंल!" आण्णासाहेब स्वतःच्याच विनोदावर खूश होऊन हसले. "हे बघ पोरी, सील पाहुण्या बाईंच्या समोर फुटंल. तोवर खुद्द कलेक्टर आले तरी दार उघडायचं न्हाय. तुझ्या वयाचे होतो तेव्हा आमी मोठ्यांशी वाद घालत नव्हतो!"

किल्ल्या वाजवत ते निघून गेले.

"तुमच्या वयाची झाले, की मी मुंग्यांकडं नीट बघेन," नसीम पुटपुटली. मग ती झर्रकन वळली. "काल पेटी चाँदपाशाचाचांच्या गाडीतून आली. तीच गाडी आता उमरग्याकडं परत निघतेय. महारुद्र, तू चल माझ्याबरोबर. व्यंकट, तू इथं थांब."

"मीच का?"

"आम्ही यायच्या आत पाहुण्या आल्या, तर त्यांना त्या खोलीपर्यंत पोचू द्यायचं न्हाय. बोलत राहायचं. तुझं तोंड एरवीही थांबत न्हाय, आज ते कामाला लाव!"

* * *

"पेटी?" चाँदपाशा कंडक्टरनी तिकिटांचा पत्र्याचा डबा काखेत धरला आणि भुवया उंचावल्या. गाडी बोरी नदीचा पूल मागं टाकून धडधडत निघाली होती. "हमिदाखालांची पेटी मी स्वतः टपावर ठेवली, बेटा."

"टपावर तसलीच दुसरी पेटी होती का, चाचा?"

चाँदपाशा विचार करू लागले आणि एकदम त्यांनी जीभ चावली.

"होती! उमरग्याकडचं वऱ्हाड होतं गाडीत. नवरीकडची मंडळी. नवऱ्याच्या गावी लग्नाला चालली होती. त्यांच्यात एक लाल पटक्याचा मामा. सारखा माझ्यावर खेकसायचा, 'रुखवत हाय, रुखवत हाय! तुमी हात लावू नका!' खडकवाडी फाट्यावर स्वतःच टपावर चढला, अन् स्वतःच पेटी उतरवली."

"कोणती?"

"ते मला कसं दिसणार? मी खाली माणसं मोजत होतो! हाय अल्ला... त्यानं खालांची नेली का काय?"

"म्हणजे नवरीचं रुखवत आण्णासाहेबांच्या कुलपात," महारुद्र म्हणाला, "अन् आपल्या बाहुल्या..."

"लग्नात!" नसीम ओरडली, आणि सगळी गाडी मागं वळून बघायला लागली.

* * *

फाट्यापासून गाव लांब नव्हतं, आणि वाट विचारायची गरजच पडली नाही. ताशाच्या आवाजाच्या दिशेनं दोघं उन्हातून पळत सुटले. गावात शिरताच मांडव दिसला. मांडवाच्या एका कोपऱ्यात बायाबापड्यांची ही गर्दी! गर्दीच्या पायांमधून वाट काढत नसीम पुढं घुसली आणि जागच्या जागी थिजली.

पाटावर पांढरं वस्त्र अंथरलं होतं. त्यावर नानीच्या बाहुल्या ऐटीत उभ्या होत्या! काचांच्या चोळीतली लमाणीण. घोंगडी पांघरलेला धनगर. संबळ गळ्यात अडकवलेला गोंधळी. बांगड्यांची माळ घेतलेली कासारीण. आणि जात्यापाशी बसलेली, एक पाय लांब केलेली म्हातारी, जिच्या पायाचं वळण साधायला नानीला अख्खा श्रावण लागला होता.

पण हे काय? बाहुल्यांना डोळे होते!

नानी बाहुलीला चेहरा कधीच काढत नसत. त्यांच्या घरात पहिल्यापासून तशीच रीत होती. अंग, हात, बोटं, दागिने, सगळं करायचं. चेहऱ्याची जागा मात्र कोरी ठेवायची. आणि इथं कुणीतरी सगळ्यांना काजळाचे टपोरे डोळे काढले होते, कुंकवाचे ओठ रंगवले होते. लमाणीण चक्क तिरळी झाली होती. धनगर रागावलेला दिसत होता.

"बाई गं, काय हात आहे!" एक ठसठशीत बाई कौतुकानं बोलत होत्या. या नवऱ्या मुलाच्या आई, प्रेमाबाई. "आमच्या गावात असलं रुखवत कुणाचं आलं न्हाय! फक्त डोळे तेवढे काढायचे राहिले होते. लग्नघरात बिनडोळ्यांच्या बाहुल्या कशा ठेवायच्या? म्हणून आमीच काढले."

"अहो, त्या तर आमच्..." महारुद्रनं तोंड उघडलं. नसीमनं त्याच्या तोंडावर हात दाबला आणि त्याला फरफटत मांडवामागं नेलं.

"सोड! सांगून टाकतो ना!"

"शू! ऐक!"

कनातीच्या पलीकडं दोन माणसं कुजबुजत होती. फटीतून लाल पटका दिसला.

"बसप्पा, खरं सांग, सोलापुरातून आणल्यास व्हय रं ह्या बाहुल्या?"

"मी? अक्का, मला वाटलं तूच केल्यास! पेटी उघडली, बाहुल्या दिसल्या. म्हटलं, अक्कानं कमाल केली!"

"अरे देवा! मग कमलच्या शेवया, अनारसे, रुमाल कुठायत? पोरीनं महिनाभर हात मोडून केलंय ते!"

"मग... मी दुसऱ्या कुणाची पेटी उचलली का काय?"

 मग अक्का, म्हणजे नवरीची आई सिताबाई, रडवेल्या आवाजात म्हणाल्या, "आता विहीणबाईला कसं सांगायचं? गाव कौतुक करतंय! दुसऱ्याचं रुखवत मांडलं म्हणून पोरीला जन्मभर टोमणे ऐकावे लागतील."

"गप बस. संध्याकाळी अक्षता पडेपर्यंत गप बस. मग बघू."

"ऐकलंस?" नसीम महारुद्रच्या कानात म्हणाली. "चारचौघांत ओरडलो तर बाहुल्या मिळतील, पण नवरीचं हसं होईल."

"अन् न ओरडलो, तर संध्याकाळपर्यंत पाहुण्या बाई निघून जातील!"

नसीमच्या डोळ्यांपुढं नळदुर्ग आलं. नानी निंबाखाली बसून असतील. सील फुटेल, दार उघडेल, पेटीतून अनारसे निघतील, आणि सगळे हसतील. नानी काही बोलणार नाहीत. घरी जाऊन सुई ठेवून देतील.

"मी मामाशी बोलतो," म्हणत महारुद्र कनातीला वळसा घालून गेला आणि तितक्याच वेगानं परत आला. त्याच्या हातात बुंदीचा द्रोण होता. "मी 'बाहुल्या' एवढंच म्हटलं, तर 'खा अन् पळ' म्हणून हे हातात दिलं!"

"मग ज्याचं खरं नुकसान झालंय त्याच्याशीच बोलू," नसीम म्हणाली.

"कोण?"

"नवरी!"

* * *

नवरीकडची मंडळी उतरली होती, त्या जानवसघराच्या आतल्या खोलीत कमल हळदीच्या पिवळ्या हातांनी गुडघे कवटाळून बसली होती. असेल सतरा-अठरा वर्षांची. तिचे डोळे सुजले होते.

"तू कोण गं?"

"मी नसीम. जळकोटची. ताई, मांडवातल्या बाहुल्या माझ्या नानीनं केल्यात. नळदुर्गच्या प्रदर्शनासाठी; पाहुण्या बाईंना आवडल्या, तर त्यांचा वर्ग निघणार आहे."

कमल ताठ बसली. नसीमला वाटलं, आता ही चिडणार. पण कमलनं तिचे दोन्ही हात धरले!

"अन् माझी पेटी? माझी पेटी कुठाय?"

"नळदुर्गात. कुलपात. तिला मुंग्या लागल्यात," नसीमनं खरं ते सांगून टाकलं. "थोड्याच. झाकणाच्या फटीतून शिरल्यात."

"मला सकाळपासून माहीत आहे की हे रुखवत माझं न्हाय!" कमल फणकारली. "मी आईला म्हटलं, तर म्हणते गप. मामाला म्हटलं, तर म्हणतो गप. अगं, मी नखाएवढे गव्हले वळलेत! केसासारख्या शेवया केल्यात! अन् लोक दुसऱ्याच्या हाताचं कौतुक माझ्या तोंडावर करतायत. मी काय करू, हसू?"

"मग तुम्हीच सांगा ना त्यांना."

"मी? नवरीनं मांडवात बोलायचं?"

"आम्ही सांगितलं तर चोरी पकडल्यासारखं होईल. तुमच्या मामानं चोरी थोडीच केलीय? घाई केलीय. तुम्ही सांगितलं तर ती चूकच राहील."

कमलनं थोडा विचार केला. मग पदर खोचला आणि उठली. ती थेट मांडवात गेली. मागं सिताबाई "अगं, कुठं निघालीस? हळद लागलीय तुला!" म्हणत धावत आल्या. ताशेवाला वाजवायचा थांबला.

"आत्याबाई," कमल प्रेमाबाईंच्या समोर उभी राहून म्हणाली. शब्द स्पष्ट होते. "ज्या बाहुल्यांचं तुमी कौतुक करताय, त्या माझ्या न्हायत. जळकोटच्या हमिदाबींनी केल्यात. गाडीवर पेट्यांची अदलाबदल झाली. माझं रुखवत नळदुर्गात अडकलंय. मला ते पाहिजे. त्यातलं सगळं मी माझ्या हातानं केलंय."

 बसप्पामामांचं तोंड त्यांच्या पटक्यासारखं लाल झालं होतं.

प्रेमाबाई कमलकडं बघत राहिल्या. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि त्या खदाखदा हसायला लागल्या!

"अगं बाई! मी मघापासून मनात म्हणतेय, शेवया कुठायत, अनारसे कुठायत! पण विचारू कशी? म्हटलं उमरग्याकडं नव्या पद्धतीचं रुखवत निघालं असंल. आपण विचारलं तर आपणच अडाणी ठरू!"

सगळा मांडव हसला. सर्वांत मोठ्यानं हसले बसप्पामामा, सुटकेच्या आनंदानं!

"लिंबाजी!" प्रेमाबाईंनी धाकट्या मुलाला हाक मारली. "वरातीची दमणी जुंप. ह्या पोरांना अन् बाहुल्यांना नळदुर्गाला पोचव. सुनेची पेटी घेऊन ये. गोरज मुहूर्त आहे. त्याच्या आत आला न्हायस, तर भावाच्या लग्नात तुला जेवायला मिळणार न्हाय!"

* * *

दमणी निघाली. बैलांच्या शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, वर आंब्याच्या पानांची तोरणं! बाहुल्या घाईत पेटीत कोंबल्या तर चुरगळतील, म्हणून नसीम आणि महारुद्रनं त्या मांडीवर घेतल्या होत्या. रिकामी पेटी मागं धडधडत होती.

नसीमनं लमाणणीचा डोळा ओढणीच्या टोकानं हलकेच पुसून पाहिला. काळा ओघळ गालावर पसरला.

"अगं, जास्तच झालं!" महारुद्र म्हणाला. "पाणी लाव."

"काजळ म्हणजे तुपातली काजळी. तुपाला पाणी लागत न्हाय. आणखी पसरेल." तिनं हात मागं घेतला. "राहू दे. नानीला खरं ते सांगू."

"नानी काय म्हणतील?"

प्रश्नपत्रिकेनं लमाणीण छातीशी धरली.

"पळव, लिंबाजीदादा!" ती म्हणाली.

लिंबाजीनं बैलांच्या पाठीवर नुसता हात ठेवला आणि बैल असे उधळले की महारुद्रचा गोंधळी संबळासकट उडता उडता राहिला!

शाळेच्या फाटकातून दमणी आत शिरली तेव्हा व्हरांड्यात व्यंकटचा आवाज घुमत होता.

"...अन् बाई, ही घोंगडी ज्या मेंढीची आहे ना, ती मेंढी फार हुशार होती! एकदा काय झालं..."

"बाळ, तू मघाशी किल्ल्यातल्या पाण्याची गोष्ट सांगितलीस, मग मडक्यांची, मग टोपल्यांची," चष्मा लावलेल्या एक बाई हसू दाबत म्हणत होत्या. या वत्सलाबाई. "आता मेंढीची राहू दे. मला बाहुल्या बघायच्यात."

"चला, चला!" घामाघूम झालेले आण्णासाहेब लाखेवर हातोडी मारत होते. सील फुटलं. दार उघडलं. आण्णासाहेबांनी पेटी बाहेर ओढली, ऐटीत झाकण उघडलं आणि दोन पावलं मागं उडी मारली! मुंग्या त्यांच्या हातावर चढल्या होत्या.

"अनारसे?" वत्सलाबाई वाकून म्हणाल्या. "आणि शेवया. वा, किती बारीक! पण बाहुल्या?"

"हमिदाबी!" आण्णासाहेब हात झटकत ओरडले. "ही काय थट्टा लावली तुमी?"

नानी निंबाखालून उठून आल्या. पेटीत पाहिलं. त्यांचा चेहरा असा पडला, की नसीमनं दमणी थांबायच्या आतच उडी टाकली.

"नानी! आणल्या! सगळ्या आणल्या!"

"थांब!" आण्णासाहेब आडवे आले. "प्रदर्शनात पेटी आली ती एकच. ही दुसरी पेटी आत येणार न्हाय. नियम म्हणजे नियम!"

"बरोबर," नसीम शहाण्यासारखी म्हणाली. "महारुद्र, पेटी गाडीतच ठेव. आण्णासाहेब, पेटी येणार न्हाय. बाहुल्याच येतील!"

एका कडेवर लमाणीण, दुसऱ्या कडेवर कासारीण घेऊन ती त्यांच्या हाताखालून सुळकन आत गेली. मागून धनगर आणि गोंधळी काखेत मारून महारुद्र, आणि शेवटी जात्यावरच्या म्हातारीला दोन्ही हातांवर घेऊन, व्हरांड्यातून धावत आलेला व्यंकट! आण्णासाहेबांनी नियम शोधायला तोंड उघडलं, पण बाहुल्यांसाठी नियम सापडला नाही. तोवर बाहुल्या बाकावर मांडून झाल्या होत्या.

नसीमनं घडलेलं सगळं एका दमात सांगितलं. काहीच लपवलं नाही. मग ती हळूच म्हणाली, "नानी, लग्नघरच्या बायांनी डोळे काढले. मी एक पुसायला गेले, तर आणखी बिघडला."

नानी बाहुल्यांजवळ गेल्या. तिरळ्या लमाणणीची हनुवटी बोटानं वर केली. रागावलेल्या धनगराकडं पाहिलं. 

"चेहरे कोरे का ठेवता तुम्ही?" वत्सलाबाईंनी विचारलं.

"आमच्यात चेहरा काढायची रीत न्हाय, बाई. माझं काम गळ्यापर्यंत. पुढचं काम बाहुली ज्या घरी जाईल त्या घरचं. कुणी कोळशानं काढतं, कुणी धाग्यानं. कुणी तसंच ठेवतं. ते त्यांनी ठरवायचं." नानींच्या तोंडावर हसू फुटलं. "ह्या लग्नाला जाऊन आल्या, तर लोकांनी त्यांना आपल्या समजून डोळे दिले. तिरळे का असेनात! मी पुसणार न्हाय."

वत्सलाबाईंनी म्हातारीचा लांब केलेला पाय हातात घेतला, टाच निरखली, बोटं निरखली. "आत काय आहे?"

"मधी कडब्याचं कांड, वर पिंजलेला कापूस. कांड गुडघ्यात मोडायचं न्हाय, ओलं करून वाकवायचं. म्हणून पाय जिवंत दिसतो."

"हे मुलींना येईल शिकवता?"

"येईल की. पण बाई, मी खुर्चीवर बसणार न्हाय. मांडी घातल्याशिवाय माझी सुई चालत न्हाय."

"मग मुलींनाही खालीच बसवू," वत्सलाबाई म्हणाल्या. "आण्णासाहेब, जूनचा वर्ग बाहुल्यांचा!"

महारुद्रनं शिट्टी वाजवली. व्यंकटनं कोलांटी उडी मारली. नसीमला एकदम बसावंसं वाटलं, म्हणून ती बसली.

वत्सलाबाई तिच्याजवळ आल्या. "त्या मुंग्या सकाळपासून सगळ्यांनाच दिसल्या असतील, नाही? कुठून येतात आणि काय नेतात, हे मात्र तू बघितलंस. शाब्बास! आणि त्या नवरीचा मान राखलास, त्याचं मला जास्त कौतुक वाटतं."

आण्णासाहेब टोपी सारखी करत खाकरले. "पोरी, मी ऐकायला पायजे होतं. चुकलंच माझं." आणि मग, कुणी न सांगता, त्यांनी रुखवताची पेटी झटकून डोक्यावर घेतली आणि दमणीपर्यंत नेऊन ठेवली! वाटेत एक मुंगी त्यांच्या कानात शिरली, तरी त्यांनी पेटी सोडली नाही.

"ऊन कललं! मुहूर्त गाठायचाय!" लिंबाजीनं कासरा हातात घेतला आणि एकदम थांबला. "अरे, इसरलोच! वहिनीनं हमिदाबींना निरोप दिलाय. बाहुल्यांचा वर्ग निघाला तर तिलाही शिकायचंय. आमची आई म्हणते, मी स्वतः आणून सोडीन!"

"तिला म्हणावं, खुशाल ये," नानी म्हणाल्या. "येताना जुनं, धुऊन मऊ झालेलं धोतर घेऊन ये. सासऱ्याचं नवं फाडू नकोस!"

घुंगरमाळा वाजवत दमणी फाटकाबाहेर पडली. नानींनी पदर खोचला आणि नसीमकडं वळून म्हणाल्या, "बसलीस काय? ऊठ. जून आला जवळ. घरी जाऊन कापूस पिंजायला घेऊ, चल!"